गेम सुरू होताच घोंघावणारा आणि मधेच बंद पडणारा संगणक: तपासणीचा क्रम आणि कूलर, पंखे व एसएमपीएसची निवड

नागपुरात मार्चचा शेवटचा आठवडा आला की माझ्याकडे एकाच तक्रारीचे संगणक येऊ लागतात. हिवाळ्यात शांत चालणारा गेमिंग संगणक आता गेम सुरू केल्यावर दहा मिनिटांत घोंघावू लागतो, शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाला जाग येईल इतका आवाज करतो आणि एखाद्या दिवशी ऐन गेममध्ये पडदा काळा होऊन बंद पडतो. संगणक आणणाऱ्याने बहुतेक वेळा मनाशी ठरवलेले असते की आता मोठा कूलर किंवा जास्त वॉटचा एसएमपीएस (संगणकाच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) घ्यायचा. हेच काम वर्षानुवर्षे केल्यावर माझे मत असे झाले आहे की यांपैकी बहुतेक संगणकांना नवा भाग लागतच नाही, आणि ज्यांना लागतो त्यांनाही नेमका कोणता लागतो हे मोजल्याशिवाय ठरवता येत नाही. म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो आणि पैसे खर्च करण्याची वेळ शेवटी येते.

आमच्याकडे विदर्भात कूलर म्हटले की खिडकीतला वाळ्याचा कूलर डोळ्यांसमोर येतो. या लेखात कूलर म्हणजे प्रोसेसरवर बसणारा. खिडकीतल्याला मी पाण्याचा कूलर म्हणेन.

लक्षणे

आधी आवाज नीट ऐका, कारण त्याच्या प्रकारावरून दोष कुठे आहे याचा बराच अंदाज येतो. पंखा काही सेकंदांनी चढतो, उतरतो, पुन्हा चढतो आणि ब्राउझर उघडला तरी असेच होते, तर दोष उष्णतेचा नसून पंख्याच्या मांडणीचा असतो. गेम सुरू झाल्यावर आवाज हळूहळू वाढतो आणि मग वाऱ्यासारखा एकसारखा राहतो, तेव्हा कॅबिनेटमधली गरम हवा बाहेर जात नसते. रातकिड्यासारखी बारीक किरकिर, जी गेमच्या मेनूमध्ये सर्वांत जास्त आणि खेळताना कमी होते, ती पंख्याची नसतेच; ती ग्राफिक्स कार्डावरच्या किंवा एसएमपीएसमधल्या कॉइलच्या (तारेच्या वेटोळ्याच्या) कंपनाची असते. थंड संगणक सुरू करताना खरखर येते आणि काही मिनिटांनी कमी होते, तर एखाद्या पंख्याचे बेअरिंग संपत आले आहे. पाण्यावर चालणाऱ्या, म्हणजे पंपाने पाणी फिरवून प्रोसेसर थंड करणाऱ्या कूलरमधून गुळगुळ असा आवाज येणे म्हणजे पंपात हवेचा बुडबुडा अडकणे होय.

बंद पडण्याचेही प्रकार आहेत. प्रोसेसर तापला तर तो आधी आपला वेग कमी करतो, त्यामुळे गेम अडखळू लागतो. थेट बंद पडण्याची पाळी फार उशिरा येते. तापमान साधारण असताना क्षणात सगळे बंद झाले तर संशय वीजपुरवठ्यावर घ्यावा. संगणक बंद पडल्यावर पुढचे बटण दाबूनही सुरू होत नाही, मात्र एसएमपीएसच्या मागचा स्विच बंद करून थोड्या वेळाने चालू केल्यावर सुरू होतो, ही खूण विशेष महत्त्वाची आहे. एसएमपीएसने जादा भार ओळखून स्वतःला कुलूप लावल्याचे ते लक्षण असते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दिसणाऱ्या ‘कर्नल-पॉवर ४१’ या नोंदीवरून मात्र निष्कर्ष काढू नये. संगणक नीट शटडाउन न होता बंद पडला, एवढेच ती नोंद सांगते. केवळ ती पाहून चांगला एसएमपीएस बदलून आलेले लोक मी पाहिले आहेत.

पहिली तपासणी: जागा आणि खोली

कूलर कितीही महाग असला तरी तो आतल्या भागांना खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली २४ अंशांवरून ३६ अंशांवर गेली की आतली तापमानेही जवळजवळ तेवढ्याच अंशांनी वर जातात आणि ती भरून काढण्यासाठी पंखे वेग वाढवतात. म्हणून डिसेंबरमध्ये मोजलेले आकडे मे महिन्यात उपयोगाचे नसतात.

कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात असेल तर बाहेर काढा. मागच्या बाजूला भिंतीपासून किमान वीतभर जागा सोडा. खाली गालिचा किंवा गादी असेल तर पाट किंवा फळी ठेवा, कारण बहुतेक कॅबिनेटमध्ये एसएमपीएस तळाशी असतो आणि त्याचा पंखा खालूनच हवा ओढतो. पाण्याच्या कूलरचा झोत संगणकावर सोडू नका. त्याने तापमान थोडे उतरते हे खरे, पण ओलसर हवेत धूळ चिकट होते आणि जड पाण्याचे बारीक तुषार आत पोहोचले तर पांढरे क्षार बोर्डावर साचतात.

आता एक फुकटची चाचणी करा. नेहमीचा गेम वीस मिनिटे चालवून एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रोसेसरचे व ग्राफिक्स कार्डाचे तापमान लिहून घ्या. मग कॅबिनेटची बाजूची झडप काढून तोच गेम, त्याच खोलीत, तेवढाच वेळ चालवा. तापमान सात-आठ अंशांनी किंवा त्याहून जास्त उतरले, तर कूलर दोषी नाही; कॅबिनेटमध्ये हवेची ये-जा होत नाही. दोन-तीन अंशांचाच फरक पडला तर हवेचा मार्ग ठीक आहे, असे समजून पुढे जावे. ही चाचणी पाऊण तासाची आहे आणि हजारो रुपयांची चुकीची खरेदी टाळते, तरीही ती करून आलेला माणूस मला क्वचितच भेटतो.

दुसरी तपासणी: धूळ

गेल्या मे महिन्यात एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने संगणक आणला. ग्राफिक्स कार्ड ८४ अंशांवर आणि त्याचे पंखे पूर्ण वेगात. त्याने पाण्यावर चालणारा कूलर घेण्यासाठी पैसे साठवले होते. मी पुढची जाळी काढली तेव्हा तिच्यावरचा थर नमद्यासारखा अखंड सुटून हातात आला. त्यात वाळ्याच्या काड्यांचे बारीक तुकडेही होते. तळाची जाळी तर त्याने कधी काढलीच नव्हती, कारण ती मागून ओढून निघते हे त्याला ठाऊक नव्हते. दोन्ही जाळ्या धुऊन, वाळवून बसवल्यावर तोच गेम ७५ अंशांवर स्थिरावला. साठवलेले पैसे त्याने पुढे मोठ्या एसएसडीवर खर्च केले.

जाळ्या पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नयेत. आतली धूळ ब्लोअरने काढताना प्रत्येक पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, कारण जोराच्या झोताने पंखा मर्यादेपेक्षा वेगात फिरला तर बेअरिंग खराब होते, शिवाय उलटी वीज निर्माण होऊन बोर्डाला इजा होण्याचा धोका असतो. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत फिरवू नये. त्याच्या नळीवर स्थिर विद्युत साचते. एसएमपीएस बाहेरूनच फुंकून घ्यावा, उघडू नये.

तिसरी तपासणी: सेटिंग

चढ-उताराचा आवाज येथेच संपतो. आजचे प्रोसेसर एखादे छोटे काम आले तरी सेकंदभरात दहा-पंधरा अंशांनी तापतात आणि तितक्याच लवकर निवतात. पंखा या प्रत्येक उसळीच्या मागे धावतो आणि कानाला एकसारख्या आवाजापेक्षा हा बदलता आवाजच जास्त खुपतो. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) कोणत्या तापमानाला पंखा किती वेगात फिरावा हे ठरवणारा आलेख ६० ते ६५ अंशांपर्यंत सपाट ठेवावा, त्यापुढे हळूहळू चढवावा आणि वेग बदलण्यापूर्वी काही सेकंद थांबण्याची सोय असेल तर ती वापरावी. कॅबिनेटचे पंखे प्रोसेसरच्या तापमानाशी बांधण्यापेक्षा ग्राफिक्स कार्डाच्या तापमानाशी बांधलेले चांगले, कारण गेममध्ये मुख्य उष्णता तेथून येते. ‘फॅन कंट्रोल’ या मोफत प्रोग्रॅमने हे करता येते.

येथे आकड्यांबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बरेच प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवले आहेत. रायझन ७ ७८००एक्स३डीची मर्यादा ८९ अंश आहे आणि इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची १०० अंश. सिनेबेंचसारख्या, प्रोसेसरवर मुद्दाम पूर्ण भार टाकणाऱ्या चाचणीत हे आकडे दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. गेममध्ये प्रोसेसरवर तेवढा भार येत नाही, म्हणून गेमच्या वेळचेच तापमान पाहावे.

किरकिरीवरचा उपाय म्हणजे फ्रेमची मर्यादा. मेनूमध्ये चित्र सोपे असते, त्यामुळे कार्ड सेकंदाला शेकडो फ्रेम काढत बसते आणि कॉइल कुरकुरतात. मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा असेल तर मर्यादा १४१ ठेवावी. आवाज, वीज आणि उष्णता तिन्ही कमी होतात आणि पाहणाऱ्याला फरक जाणवत नाही. त्यानंतरही कार्ड गरम वाटले तर एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये कार्डाची पॉवर लिमिट (विजेची मर्यादा) ८० टक्क्यांवर आणून पाहावे. वीज पाचव्या हिश्श्याने घटते, पण वेग त्या प्रमाणात घटत नाही, कारण कार्डाच्या शेवटच्या काही मेगाहर्ट्‌झसाठीच सर्वांत जास्त वीज जळत असते. शांत संगणक हवा असणाऱ्याने एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी हे करून पाहावे, असा माझा आग्रह असतो.

चौथी तपासणी: भिंतीपासून एसएमपीएसपर्यंतची वीज

संगणक, मॉनिटर, इन्व्हर्टरचे चार्जर आणि मोबाईल एकाच सैल एक्स्टेंशन बोर्डावर असतील तर आधी संगणक थेट भिंतीतल्या चांगल्या सॉकेटवर लावून दोन दिवस चालवा. पिन हलवल्यावर ठिणगीचा आवाज आला किंवा प्लग हाताला गरम लागला तर ते सॉकेट वापरणे तेव्हाच थांबवा.

लाइट गेल्याक्षणी संगणक रीस्टार्ट होत असेल तर कारण बहुधा इन्व्हर्टरच्या बदलण्याच्या वेळेत असते. वीज तुटल्यावर चांगला एसएमपीएस साधारण १६ ते १७ मिलिसेकंद तग धरतो. घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर त्याला बदलायला याहून जास्त वेळ लागू शकतो. अनेक इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचा छोटा स्विच असतो. तो वळवल्यावर तक्रार मिटल्याची उदाहरणे माझ्याकडे पुष्कळ आहेत.

यूपीएसच्या डब्यावरचा व्हीएचा आकडा म्हणजे वॉट नव्हेत. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो आणि त्यावर गेमिंग संगणक व मॉनिटर चालवला की लाइट जाताच यूपीएसच हात टेकतो. तेव्हा एसएमपीएसला दोष देण्यात अर्थ नाही.

पाचवी तपासणी: आतल्या जोडण्या आणि थर्मल पेस्ट

स्विच बंद करून, वायर काढून आणि बटण काही सेकंद दाबून धरूनच आत हात घालावा. ग्राफिक्स कार्डाला आठ पिनांच्या दोन जोडण्या लागत असतील तर एसएमपीएसकडून दोन स्वतंत्र केबल आणाव्यात. एका केबलची दोन टोके वापरली तर आठ पिनांच्या एका जोडणीच्या १५० वॉटऐवजी दुप्पट भार त्याच तारांवर पडतो. सोळा पिनांचा कनेक्टर असेल तर तो शेवटपर्यंत बसला आहे ना, मधे फट दिसत नाही ना, हे टॉर्च लावून पाहावे आणि केबल कनेक्टरपासून तीन-साडेतीन सेंटीमीटर सरळ ठेवून मगच वळवावी. अर्धवट बसलेल्या कनेक्टरमध्ये थोड्याच पिनांवरून सगळा प्रवाह जातो आणि तो वितळतो.

संगणक तीन-चार वर्षांचा झाला असेल आणि झडप काढूनही प्रोसेसर तापत असेल तर आता कूलर काढण्याची वेळ आली. इंटेलच्या डब्यात येणाऱ्या कूलरच्या चार प्लास्टिक पिनांपैकी एखादी सुटलेली असणे हे फार नेहमीचे आहे. आधी तीच पाहावी. एएम४ सॉकेटच्या रायझनचा कूलर काढण्यापूर्वी संगणक दहा-पंधरा मिनिटे चालवून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोहोचवणारा मधला लेप) ऊबदार करावी आणि कूलर सरळ न ओढता हलके पिळून सोडवावा, नाहीतर सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मध्यभागी वाटाण्याएवढी नवी लावली की पुरते. नव्या कूलरच्या तळाचे पारदर्शक प्लास्टिक काढायला विसरलेले संगणकही दरवर्षी एक-दोन येतातच, तेव्हा तेही पाहून घ्यावे.

एवढे करूनही भागले नाही तर: काय घ्यावे

खरेदीचा क्रम माझ्या मते पंखे व कॅबिनेट, मग कूलर, मग एसएमपीएस असा असावा. संगणक एसएमपीएसमुळेच बंद पडतो आहे अशी खात्री झाली असेल तर मात्र एसएमपीएस प्रथम.

शांततेचे गणित पंख्याच्या वेगात आहे. पंखा जेवढा फिरतो तेवढ्याच प्रमाणात हवा हलवतो, पण वेग निम्मा केला की त्याचा आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. त्याच्या शेजारी तसाच दुसरा पंखा लावला तर केवळ ३ डेसिबलची भर पडते. म्हणजे मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या एका पंख्याऐवजी ७५० फेऱ्यांचे दोन पंखे लावले तर हवा साधारण तेवढीच मिळते आणि आवाज १२ डेसिबलच्या आसपास कमी होतो. याच कारणाने १२० मिलिमीटरपेक्षा १४० मिलिमीटरचे पंखे बरे. तेवढीच हवा ते कमी वेगात देतात. समोर १४० चे दोन आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, एवढे बहुतेक घरगुती संगणकांना पुरे होते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली की फटींमधून धूळ कमी शिरते. पंखे चार पिनांचे घ्यावेत आणि पुढची बाजू जाळीची असलेले कॅबिनेट निवडावे. समोर अखंड काच असलेल्या कॅबिनेटमध्ये पंखे कितीही लावले तरी हवा येणार कुठून?

प्रोसेसरसाठी बहुतेकांना चांगला टॉवर कूलर (उंच, हवेवर चालणारा) पुरतो. रायझन ५ ७६०० पूर्ण भाराला ८८ वॉट घेतो. त्यासाठी एका १२० मिलिमीटरच्या पंख्याचा टॉवर कूलरसुद्धा हळू फिरून काम करतो. पाण्यावरच्या कूलरच्या विरोधात मी नाही, पण त्यात पंपाचा आवाज सतत असतो आणि पंप बंद पडला तर सगळेच थांबते, हे घेणाऱ्याला माहीत असावे. घेतलाच तर रेडिएटर शक्यतो वर लावावा, म्हणजे पंप हा सर्वांत उंच भाग राहत नाही आणि बुडबुडे त्यात अडकत नाहीत. कूलरची उंची कॅबिनेटच्या माहितीपत्रकाशी पडताळून मगच मागवावा.

एसएमपीएस निवडताना लोक वॉट आणि ब्राँझ-गोल्डचा शिक्का पाहतात. हा ८० प्लसचा शिक्का कार्यक्षमतेचा, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी किती वाया न जाता पुढे पोहोचते याचा आहे, आवाजाचा नाही. तरी दोन्हींचा संबंध असा आहे. रायझन ५ ७६०० चे ८८ वॉट, आरटीएक्स ४०७० या ग्राफिक्स कार्डाचे २०० वॉट आणि बाकी बोर्ड, रॅम, डिस्क व पंखे यांचे साठेक धरले तर संगणक साधारण ३५० वॉट मागतो. अर्ध्या भाराला, ११५ व्होल्टच्या चाचणीत, ब्राँझची किमान कार्यक्षमता ८५ टक्के आणि गोल्डची ९० टक्के असते. या हिशेबाने ब्राँझच्या डब्यात ६२ वॉट उष्णता होते, गोल्डच्या डब्यात ३९. आपल्या २३० व्होल्टवर दोन्ही थोडे सुधारतात. जेथे उष्णता कमी तेथे पंखा हळू. या संगणकाला ६५० वॉटचा गोल्ड एसएमपीएस योग्य. १००० वॉटचा घेऊन शांतता दुप्पट होत नाही. आवाजाचेच प्रमाणपत्र हवे असेल तर सायबेनेटिक्स या चाचणी संस्थेची लॅम्बडा श्रेणी पाहावी, ती प्रत्यक्ष आवाज मोजून दिलेली असते.

आपल्या हवामानासाठी आणखी एक गोष्ट डब्यावर वाचावी: दिलेले वॉट ४० अंशांना आहेत की ५० अंशांना. विदर्भातल्या उन्हाळ्यात कॅबिनेटच्या आत ४० अंश सहज होतात, म्हणून मी ५० अंशांचाच सुचवतो. मोठी ग्राफिक्स कार्डे क्षणभर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतात. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसने अत्यल्प काळ दुप्पट भार सोसावा अशी अट याचसाठी घातली आहे. तापमान ठीक असतानाही ऐन गेममध्ये बंद पडणाऱ्या संगणकाचे कारण अनेकदा हेच असते. हलक्या भारावर पंखा पूर्ण थांबवणारे एसएमपीएस शांत खरे, मात्र मे महिन्यात ती सोय बंद ठेवावी आणि पंखा मंद फिरू द्यावा.

कोठे थांबावे

एसएमपीएसचे झाकण कधीही, कोणत्याही कारणाने उघडू नये. त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो आणि वायर काढल्यावरही काही काळ तो टिकतो. आतला पंखा खरखरत असला तरी वॉरंटीत द्या किंवा एसएमपीएस बदला.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे येण्याआधी वायरमनला बोलवा; घराचे अर्थिंग तुटलेले असण्याची शक्यता मोठी असते आणि ते संगणकापुरते मर्यादित संकट नाही. जळका वास, तपकिरी पडलेला किंवा वितळलेला कनेक्टर, पाण्यावरच्या कूलरची गळती यांपैकी काही दिसले तर पुन्हा एकदा चालू करून पाहण्याचा मोह टाळून सरळ वायर काढावी. ग्राफिक्स कार्ड वॉरंटीत असेल तर त्याचा हीटसिंक (उष्णता शोषून घेणारा धातूचा भाग) स्वतः उघडू नये.

तंत्रज्ञाकडे संगणक नेताना लिहिलेले आकडे सोबत न्यावेत: खोलीचे तापमान, झडप लावून व काढून मोजलेली दोन्ही तापमाने, बंद पडण्याची वेळ आणि पुन्हा सुरू करण्यासाठी मागचा स्विच बंद-चालू करावा लागला की नाही. एवढा कागद हातात असला तर मला निदानाला एक दिवस लागतो. नसला तर तीन.